घरफोडीचा माग

शूद्रकाच्या मृच्छकटिकात शर्विलक नावाचा एक चोर आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून तो आपल्या घरचाच झाला आहे. रात्री चारुदत्ताच्या वाड्याची भिंत फोडण्यापूर्वी हा गृहस्थ भोकाचा आकार कोणता असावा याचा विचार करीत बसतो. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्ण कुंभ असे शास्त्रोक्त आकार त्याला तोंडपाठ आहेत. मापाची दोरी विसरल्याचे लक्षात येताच तो गळ्यातील जानवे काढतो आणि त्याने भिंत मोजतो. दुसऱ्या दिवशी चारुदत्त उठून ते भगदाड पाहतो, आणि ऐवज गेल्याचे दुःख करण्याआधी कारागिराच्या हाताची तारीफ करतो. ज्या समाजात घरफोडीचे शास्त्र इतके पुढे गेले होते, त्या समाजात घरफोड्याला शोधण्याचे शास्त्रही असणार, असे कोणालाही वाटेल. ते होते. परंतु ते भिंतीपाशी नव्हते, जमिनीवर होते.

दख्खनच्या गावगाड्यात चोरी झाली की गावचा रामोशी वा जागल्या पहाटे माग काढण्यास निघे. धुळीत उमटलेले पाऊल, मोडलेले काटेरी कुंपण, ओढ्याच्या ओल्या वाळूत रुतलेली टाच, यांच्या आधाराने तो माग शिवेपर्यंत नेई आणि पुढच्या गावाच्या हवाली करी. त्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढून द्यावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी, असा रिवाज होता. या रिवाजात अन्याय नव्हता असे नाही, परंतु त्याचे एक गृहीत पक्के होते. चोर पायांनी चालतो, धूळ सर्वांची पावले जपून ठेवते, आणि पाहणाऱ्याला गावातील बहुतेक पावले ओळखीची असतात.

कलकत्त्यासारख्या शहरात या तिन्ही गोष्टी कोसळतात. फरसबंद रस्त्यावर पाऊल उमटत नाही, उमटले तरी सकाळी आठ वाजेपर्यंत त्यावरून हजार माणसे जातात, आणि कोणी कोणाला ओळखत नाही. हुगळीच्या काठी वसलेले हे शहर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होते. गोदीवर, तागाच्या गिरण्यांत, बड्या घरांच्या नोकरचाकरांच्या खोल्यांत बिहार, ओरिसा आणि पूर्व बंगालमधून सतत नवी माणसे येत. आज एका नावाने नोकरीस राहिलेला मनुष्य उद्या दुसऱ्या नावाने दुसऱ्या पेठेत राही. पोलिसांपुढचा खरा प्रश्न चोरी कशी झाली हा नव्हताच. ती खिडकीतून झाली की कुलूप तोडून, हे कोणीही सांगू शकत असे. पकडलेला मनुष्य कोण, हा प्रश्न होता.

या शहराची घरफोडीशी आणखी एक जुनी ओळख आहे, आणि मराठी माणसाने ती विसरू नये. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी १७४२ मध्ये शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा खंदक’ म्हणून ओळखला गेला. मराठे कलकत्त्यापर्यंत आले नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बहुतांशी बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. बंगाली आया मुलांना निजवताना ज्या ‘बर्गी’चे भय घालतात, तो आपलाच बारगीर होय. आपल्याकडे ज्याला मुलूखगिरी म्हणतात, त्याला ज्यांच्या अंगणात ती होते ते लोक वेगळ्या नावाने ओळखतात, हे बंगालचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आता मूळ विषयाकडे. १८५६ मध्ये कलकत्त्यास स्वतंत्र पोलीस आयुक्त मिळाला. १८६८ च्या एप्रिलमध्ये अॅमहर्स्ट स्ट्रीटवर रोज ब्राउन नावाच्या स्त्रीचा खून झाला, आणि त्या तपासाचा धागा धरून त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आयुक्त स्टुअर्ट हॉग यांनी लालबाजारात गुप्त पोलिसांचे एक खास खाते उघडले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डातील गुन्हे अन्वेषण विभाग त्या नावाने १८७८ मध्ये उभा राहिला, म्हणजे कलकत्त्याचे खाते त्याहून दहा वर्षांनी वडील.

या खात्यातील एका अधिकाऱ्याने बंगाली वाङ्मयावर आपली मुद्रा उमटवली. प्रियनाथ मुखोपाध्याय हे त्यांचे नाव. १८७८ पासून १९११ पर्यंत त्यांनी खात्यात नोकरी केली, आणि १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ या नावाने आपल्या तपासांच्या हकिकती दरमहा छापण्यास प्रारंभ केला. या मालेचे दोनशेहून अधिक अंक निघाले. आज जगभर, जर्मनीपासून जपानपर्यंत, दूरदर्शनच्या पडद्यावर पोलीस तपासाच्या ज्या मालिका चालतात, त्यांतला प्रेक्षक आणि प्रियनाथबाबूंचा वाचक यांची भूक एकच आहे. फरक इतकाच की हा लेखक स्वतः दारोगा होता, आणि त्याला आपल्या सहकाऱ्यांची फजिती ठाऊक होती. खबऱ्यावर विसंबणे, पेठेतील नामांकित चोरांना गोळा करणे, सोनाराच्या दुकानावर पाळत ठेवणे, आणि कबुलीजबाब मिळवणे, अशी तेव्हाच्या तपासाची साधने होती. कबुलीजबाब कसा मिळवला जाई, हे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पोलिसी मार हा शब्द त्याच काळाने आपल्या भाषेला दिलेला आहे.

कायद्याने मात्र घरफोडीची व्याख्या मोठ्या बारकाईने केली होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४४५ व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतले पहिलेच असे आहे की, एखाद्याने दुसऱ्याच्या घराच्या भिंतीस भोक पाडून त्यातून नुसता हात आत घातला तरी ती घरफोडी होय. शर्विलकाला हे कलम वाचून दाखवले असते तर तो खचितच हिरमुसला असता, कारण त्याच्या चंद्रकोरीला आणि कमळाला त्यात काहीच किंमत नाही. या संहितेचा पहिला मसुदा ज्या आयोगाने केला, तो मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यातच बसला होता. याच संहितेच्या ७५ व्या कलमाने, मालमत्तेच्या गंभीर गुन्ह्यांत पूर्वी शिक्षा झालेल्या मनुष्यास पुन्हा तसाच गुन्हा केल्यास वाढीव शिक्षा देण्याची तरतूद केली. कलम चांगले होते, पण ते वापरावयाचे तर समोरचा रामलाल हाच तीन वर्षांपूर्वीचा श्यामलाल, हे न्यायाधीशास पटवून द्यावे लागे. त्यासाठी जुन्या तुरुंगाचे शिपाई लांबलांबच्या जिल्ह्यांतून बोलावले जात, आणि ते आरोपीकडे पाहून, बहुधा हाच असावा, असे म्हणत. बहुधा या शब्दावर किती माणसे तुरुंगात गेली असतील याची गणना कोणी ठेवली नाही.

या प्रश्नाचे उत्तर बंगालमध्येच, आणि पोलिसांच्या हातून नव्हे तर मुलकी अधिकाऱ्याच्या हातून, निम्मे सापडून पडले होते. १८५८ च्या जुलैमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला, आणि कराराच्या कागदावर सहीबरोबरच त्याच्या तळहाताचा शाईचा ठसा घेतला. हेतू इतकाच की गड्याने पुढे, ही सही माझी नव्हे, असे म्हणू नये. आपल्याकडे जुन्या मराठी कागदांवर कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ अशी नांगराची आकृती काढलेली आढळते. परंतु नांगर कोणताही कारकून काढू शकतो. हर्शेलने हौसेने वर्षानुवर्षे आपल्या आणि इतरांच्या बोटांचे ठसे घेतले, आणि त्याच्या ध्यानात आले की मनुष्य म्हातारा होतो, पण बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत. १८७७ मध्ये हुगळी येथे दंडाधिकारी असताना त्याने पेन्शनरांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घेण्याचा प्रघात पाडला. ही पद्धत सर्वत्र सुरू करावी असे त्याने वरिष्ठांना कळवले, आणि वरिष्ठांनी ते फाइलीत ठेवून दिले. सरकारी कामकाजाचा परिचय असणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

पुढे १८८० मध्ये जपानात काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी, गुन्हेगार ओळखण्यासाठी बोटांचे ठसे वापरावेत अशी सूचना ‘नेचर’ या नियतकालिकात केली. १८९२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांचा ग्रंथ निघाला, आणि दोन माणसांचे ठसे एकसारखे असणे जवळजवळ अशक्य आहे हे विद्वानांना पटले. मग अडचण कुठे राहिली? अडचण कपाटात राहिली. समजा, तुरुंगांतून एक लाख माणसांच्या दहा-दहा बोटांचे कागद जमा झाले. आज पकडलेल्या मनुष्याने आपले नाव खोटे सांगितले आहे. त्याचा जुना कागद त्या लाखांतून शोधायचा कसा? नावाने लावलेले कपाट येथे निरुपयोगी, कारण नावच खोटे. कागद रेषांच्या जातीप्रमाणे लावला पाहिजे. ही पद्धत गॉल्टनला साधली नाही. त्या वेळी युरोपात पॅरिसच्या बर्तियाँची पद्धत मान्य होती. तीत डोक्याची लांबीरुंदी, मधले बोट, डावा पाय अशी अवयवांची मापे घेत. बंगालच्या पोलिसांनीही ती उचलली. परंतु एक शिपाई पट्टी घट्ट दाबून माप घेई आणि दुसरा सैल धरी, त्यामुळे एकाच मनुष्याची दोन ठिकाणची मापे जुळत नसत.

१८९१ मध्ये एडवर्ड हेन्री बंगालचे पोलीस महानिरीक्षक झाले. लालबाजारचे शहर पोलीस आयुक्ताच्या हाताखाली होते. हेन्रींकडे होता तो त्याबाहेरचा अफाट बंगाल प्रांत, आणि त्यांची कचेरी रायटर्स बिल्डिंगमध्ये होती. या कचेरीत खुलना जिल्ह्यातील पैग्राम कसबा गावचा, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला एक तरुण फौजदार म्हणून दाखल झाला. काझी अझीझुल हक त्याचे नाव. दुसरा फौजदार हेमचंद्र बोस. हेन्री गॉल्टनला भेटून आले होते आणि ठशांचे महत्त्व त्यांनी ओळखले होते, यात शंका नाही. हाताखालच्या माणसांना वेळ, कागद आणि मोकळीक देणारा वरिष्ठ ही साधी गोष्ट नव्हे, आणि ते श्रेय हेन्रींना दिलेच पाहिजे. परंतु कपाटाचे कोडे सुटले ते हक यांच्या गणिताने.

ते गणित ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडे बोटांच्या टोकांवर शंख किती आणि चक्रे किती हे मोजून भविष्य सांगण्याची जुनी चाल आहे. पोलिसांनाही तेवढेच मोजायचे होते, फक्त भविष्याऐवजी भूतकाळ सांगण्यासाठी. रेषांच्या मुख्य जाती तीन. कमानीसारख्या रेषा सर्वांत विरळ, शंखासारखे वळसे सर्वांत अधिक, आणि चक्रे या दोहोंच्या मध्ये. पहिल्या वाटणीसाठी कमान आणि वळसा एकाच गटात घालावयाचा, आणि बोटावर चक्र आहे की नाही एवढेच पाहावयाचे. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत दहा बोटांना क्रमांक द्यावयाचे आणि त्यांच्या पाच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडीत चक्र आढळल्यास त्याचे मोल १६, दुसरीत ८, तिसरीत ४, चौथीत २ आणि पाचवीत १. चक्र नसल्यास शून्य. सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज अपूर्णांकाच्या वर, विषम क्रमांकांची खाली, आणि दोहोंत एकेक मिळवावयाचा. ज्याच्या उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या करंगळीवर मात्र चक्र आहे, त्याचा अंक येतो वर २ आणि खाली १७. एकही चक्र नसलेल्याचा वर १, खाली १. दहाही बोटांवर चक्रे असणाऱ्याचा वर ३२, खाली ३२. म्हणजे बत्तीस आडवे आणि बत्तीस उभे मिळून १०२४ खणांचे कपाट. लहान मुलास शिकवता येईल इतका सोपा हिशेब. नाव काहीही सांगा, दहा बोटे कागदावर टेकवली की कारकून उठतो आणि नेमक्या खणापाशी जाऊन उभा राहतो. एकाच खणात फार कागद साचू लागले तर रेषा मोजून आणि त्यांचा ओघ कोणीकडे जातो हे पाहून आतल्या आत आणखी वाटण्या पडत.

हे गणित हेन्रींना आगगाडीत प्रवास करताना अकस्मात सुचले आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीवर टिपून घेतले, अशी एक कथा सांगितली जाते. अशा कथा थोर माणसांभोवती आपोआप जमतात. सफरचंदाखाली बसलेल्या न्यूटनची गोष्ट याच जातीची.

१८९७ च्या मार्चमध्ये हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल चार्ल्स स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर यांच्या समितीने ही कपाटे तपासली आणि ठशांची पद्धत मापांच्या पद्धतीपेक्षा सर्वतोपरी सरस ठरवली. १२ जून १८९७ रोजी गव्हर्नर जनरलने तिला मान्यता दिली आणि कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये अंगुलिमुद्रा कार्यालय रीतसर सुरू झाले. हे जगातले पहिले, असे अभिमानाने म्हटले जाते. अभिमान रास्त असला तरी एक पुस्ती जोडली पाहिजे. अर्जेंटिनात हुआन वुसेटिच या पोलीस अधिकाऱ्याने स्वतःची वेगळी पद्धत १८९१ पासून चालवली होती आणि १८९२ मध्ये एका खुनाचा उलगडा ठशावरून झालाही होता. मापांची पद्धत बाजूस सारून, एका विशाल देशाच्या सरकारने केवळ ठशांवर विसंबण्याचे ठरवले ते कलकत्त्यात, असे म्हटल्याने कोणावरच अन्याय होत नाही.

कार्यालयाची शाई वाळते न वाळते तोच त्याची परीक्षा झाली. ऑगस्ट १८९७ मध्ये भूतानच्या सरहद्दीलगतच्या जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याचे व्यवस्थापक हृदयनाथ घोष आपल्या बिछान्यावर गळा चिरलेल्या स्थितीत आढळले. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी फोडून काहीशे रुपये नेलेले होते. संशयितांची वाण नव्हती. व्यवस्थापक कडक असल्याने मळ्यातील मजुरांवर संशय होता. एका स्त्रीशी त्यांचे संबंध असल्याने तिच्या नातलगांवर होता. जवळपास नुकत्याच उतरलेल्या काबुल्यांच्या टोळीवर होता. आणि स्वयंपाक्याच्या कपड्यांवर तर रक्ताचे डागच होते. जुन्या रिवाजाचा एखादा दारोगा असता तर स्वयंपाक्याने दोन दिवसांत कबुलीजबाब दिला असता, यात संशय बाळगण्याचे कारण नाही. स्वयंपाकी म्हणत होता की धन्याच्या जेवणासाठी कबूतर मारले, त्याचे हे रक्त. डाग रासायनिक परीक्षकाकडे गेले, आणि परीक्षकाच्या अहवालाने त्या गरीब माणसाच्या शब्दाला दुजोरा दिला.

फोडलेल्या पेटीत कागदांबरोबर एक बंगाली पंचांग होते. त्याच्या फिक्या निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग दिसत होते. भिंगाखाली धरताच त्यांपैकी एकात रेषा उमटल्या. तो उजव्या हाताच्या एका बोटाचा अर्धवट ठसा होता. पंचांग कलकत्त्यास आले, आणि कचेरीतील कागदांशी ताडून पाहता तो ठसा कांगाली चरण नावाच्या मनुष्याच्या उजव्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला. हा घोष यांचा जुना नोकर. चोरीच्या आरोपावरून धन्यानेच त्याला तुरुंगात पाठवले होते आणि काही आठवड्यांपूर्वीच तो सुटला होता. सुटल्यावर तो त्या जिल्ह्यात दिसल्याचे कोणीही सांगत नव्हते. तो सापडला शेकडो मैलांवरच्या बीरभूम जिल्ह्यात. त्याला कलकत्त्यास आणून अंगठ्याचा ठसा पुन्हा घेतला, तोही जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत असे परीक्षकाने लिहून दिले. तिजोरीची किल्ली शोधताना रक्ताने माखलेला अंगठा पंचांगास लागला असावा, असे पोलिसांचे अनुमान होते.

१८९८ च्या मे महिन्यात जलपाईगुडीच्या सत्र न्यायाधीशापुढे, दोन असेसरांच्या साहाय्याने, खटला चालला. निकाल असा लागला की कांगाली चरण चोरीबद्दल दोषी, खुनाबद्दल नाही. हा निकाल पुष्कळांना विसंगत वाटतो. रक्ताचा अंगठा ज्याचा, त्याचाच सुरा, असे सामान्य मनुष्य म्हणेल. परंतु न्यायालयाने जे केले ते विचारपूर्वक केले असे दिसते. अंगठा इतकेच सांगत होता की या मनुष्याने ही पेटी उघडली तेव्हा त्याच्या हातास रक्त लागलेले होते. सुरा कोणाच्या हातात होता, घरात शिरणारा एकटा होता की दोघे होते, हे अंगठ्याला ठाऊक नव्हते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणी नव्हता. नव्या शास्त्राचा बोलबाला होत असताना, जे शास्त्राने सांगितले तेवढेच मानावे आणि जे सांगितले नाही त्यासाठी फाशी देऊ नये, हा संयम मुफसल जिल्ह्याच्या एका कचेरीने दाखवला. पुढे पाश्चात्त्य न्यायालयांत ठशाला जे देवत्व आले, त्याच्या शेजारी हा निकाल ठेवून पाहण्यासारखा आहे.

लगोलग, १८९९ मध्ये, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. ते तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. १९०१ मध्ये हेन्री स्कॉटलंड यार्डात गेले आणि कलकत्त्याचे कपाट लंडनला पोहोचले. २७ जून १९०२ रोजी लंडनच्या डेन्मार्क हिल भागात एका घरात चोरी झाली. चोराने नेले काय, तर बिलियर्डचे चेंडू. खिडकीच्या कठड्याचा रंग ओला होता आणि त्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. हॅरी जॅक्सन नावाच्या, पूर्वी शिक्षा भोगलेल्या इसमाचा तो निघाला, आणि सप्टेंबरात ओल्ड बेलीच्या न्यायालयाने त्याला सात वर्षांची सक्तमजुरी दिली. इंग्लंडात ठशावरून झालेली ही पहिली शिक्षा, आणि ती घरफोडीबद्दलच. १९०३ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या पोलिसांनी ठशांची पद्धत स्वीकारली आणि त्यामागोमाग इतर जर्मन शहरे आली. आज जर्मन मालिकेतला निरीक्षक फोडलेल्या घराच्या दारावर भुकटी फिरवताना दिसतो, तेव्हा तो रायटर्स बिल्डिंगमधल्या त्या खोलीचाच दूरचा वारस असतो.

या शोधाला दुसरी बाजू आहे, आणि ती महाराष्ट्राच्या अधिक जवळची. जे साधन एका माणसाला ओळखण्यासाठी निघाले, ते अख्ख्या जमातींवर लावले गेले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. काही जमाती जन्मानेच चोर, असे त्याचे गृहीत होते. १९११ च्या सुधारित कायद्याने अशा जमातीच्या नोंदलेल्या कोणाही व्यक्तीचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. कांगाली चरणचा ठसा त्याला शिक्षा झाल्यावर कपाटात गेला होता. पारध्याचा, कैकाड्याचा, भामट्याचा ठसा मात्र त्याने काही करण्यापूर्वीच कपाटात जाऊन बसला. सोलापुरात अशा जमातींची काटेरी तारांनी वेढलेली वसाहत होती, आणि तेथे हजेरी चुकणे हाच गुन्हा होता. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तो दिवस विमुक्त जमाती आजही पाळतात. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले असेल, त्यांना कायदा गेल्यावरही संशय कसा उरतो हे वेगळे सांगावयास नको. हक आणि बोस यांचे गणित निर्दोष होते, पण खणात कोणाचा कागद घालावयाचा हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते.

त्या दोघांच्या हाती दुसरीही एक गोष्ट नव्हती. १९०० मध्ये पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो हेन्रींच्या नावाने. जगाने पद्धतीला नाव दिले, तेही ‘हेन्री पद्धत’. हेन्री लंडनचे पोलीस आयुक्त झाले, सर झाले, १९१८ मध्ये बॅरोनेट झाले. हक बंगालच्या पोलिसांतून, प्रांत वेगळा झाल्यावर, बिहारच्या सेवेत गेले. १९१३ मध्ये खानसाहेब आणि १९२४ मध्ये खानबहादूर ही पदवी त्यांना मिळाली. हेमचंद्र बोस यांनी एकेका बोटाच्या ठशाची वेगळी वर्गवारी आणि ठसा तारेने कळवता यावा अशी सांकेतिक भाषा बसवली, आणि तेही रायबहादूर झाले. परंतु शोध कोणाचा, हा प्रश्न पदवीने सुटत नाही. सेवानिवृत्तीच्या सुमारास हक यांनी सरकारकडे अर्ज केला. अर्जाची भाषा अशा अर्जांची असते तशी नम्र असणारच, पण मागणी सरळ होती. आपण केलेल्या कामाची दखल घ्यावी आणि काही मानधन द्यावे.

घरफोडीचा गुन्हा शाबीत करण्यासाठी जसा खिडकीवरचा ठसा लागतो, तसा येथेही पुरावा लागणार होता. तो पुरावा एकाच मनुष्यापाशी होता, आणि तो इंग्लंडात निवृत्त जीवन जगत होता. इंडिया ऑफिसने विचारणा केली, तेव्हा १९२६ च्या मेमध्ये हेन्रींनी लेखी उत्तर दिले की, आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांनी या पद्धतीच्या सिद्धीस इतर कोणाहीपेक्षा अधिक हातभार लावला. उशिरा दिलेली असली तरी ही साक्ष स्पष्ट होती, आणि ती कोणी जबरदस्तीने घेतलेली नव्हती. हक यांना पाच हजार रुपयांचे मानधन मंजूर झाले. बिहारमधील मोतीहारी येथे ते स्थायिक झाले होते, आणि तेथेच १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये भारत सरकारने केंद्रीय अंगुलिमुद्रा कार्यालय उभारले ते कलकत्त्यातच. १९८६ मध्ये ते राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाला जोडण्यात आले. २००१ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता झाले. लाकडी खणांची जागा संगणकाने घेतली आहे, आणि एका जिल्ह्यात खिडकीवर सापडलेला ठसा आता देशभरच्या नोंदींशी काही क्षणांत ताडून पाहता येतो. परंतु पोलीस प्रशिक्षण शाळांतून नव्या शिपायाला दहा बोटांचे अंक मांडावयास शिकवतात, तेव्हा फळ्यावर अजूनही तेच आकडे लिहिले जातात. सोळा, आठ, चार, दोन, एक.